लोकपाल : कोतवाल की विश्वासू श्रोता ?

'लोकपाल' हा शब्द आपल्या समाजास नवा नाही. तत्त्वार्थसूत्राच्या चौथ्या अध्यायात देवांच्या ज्या दहा श्रेणी सांगितल्या आहेत, त्यांत इंद्र, सामानिक, त्रायस्त्रिंश इत्यादिकांबरोबर लोकपालांचीही गणना आहे; आणि टीकाकारांनी त्यांस नगररक्षकाची, म्हणजे कोतवालाची, उपमा दिलेली आहे. हाच शब्द १९६३ साली डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी लोकसभेत 'ओंबुड्समन' या स्वीडिश अधिकारपदासाठी योजिला. सिंघवी हे जोधपूरचे, जैन कुळातील आणि कायद्याचे पंडित. शब्द उत्तम होता व तो रुजला. परंतु त्याजबरोबर कोतवालाची प्रतिमाही रुजली, आणि संस्थांच्या व कंपन्यांच्या अंतर्भागात या पदाचे जे निराळे रूप वाढीस लागले आहे ते ओळखण्यास ही प्रतिमाच आड येते, असे आमचे मत आहे.

या पदाचा उगम व्यापाऱ्यांस सहज समजण्याजोगा आहे. १७०९ साली पोल्टाव्याच्या रणांगणावर पराभूत झालेला स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स तुर्की साम्राज्याच्या आश्रयास राहिला. राजा दूर, कारभारी मोकळे, अशी राज्याची अवस्था झाली, तेव्हा १७१३ साली त्याने न्यायाधीश व अंमलदार कायद्याप्रमाणे वागतात की नाही हे पाहण्यासाठी एक अधिकारी नेमला. ज्यांची मुख्य पेढी एका गावी व दुकाने चार गावी आहेत त्यांस या नेमणुकीचे कारण निराळे समजावून सांगावयास नको. पुढे १८०९ च्या राज्यघटनेने हा अधिकारी राजाचा न राहता संसदेचा झाला. पाहणारा ज्याला पाहावयाचे त्याच्या हाताखाली असू नये, हे तत्त्व तेथे प्रथम स्थिर झाले. डेन्मार्कने १९५५ साली व न्यूझीलंडने १९६२ साली हे पद स्वीकारले. आपल्याकडे महाराष्ट्राचा लोकायुक्त कायदा १९७१ चा, मध्य प्रदेशचा १९८१ चा आणि केंद्राचा लोकपाल कायदा २०१३ चा. पहिले लोकपाल नेमले गेले ते मात्र २०१९ साली. ही सर्व कोतवालाची परंपरा होय.

दुसरी शाखा पेढीच्या अधिक जवळची आहे. रिझर्व्ह बँकेने १९९५ साली बँकिंग लोकपालाची योजना आणली. ग्राहकाची तक्रार बँकेने ऐकली नाही तर त्याने बाहेरच्या या अधिकाऱ्याकडे जावे, अशी ती व्यवस्था. परंतु प्रत्येक लहान तक्रार बाहेर जाऊ लागली की बाहेरचा अधिकारी बुडून जातो, हे दिसून आले. म्हणून २०१५ साली निवडक मोठ्या बँकांस व २०१८ च्या योजनेने दहांहून अधिक शाखा असलेल्या बँकांस स्वतःच्या घरातच 'अंतर्गत लोकपाल' नेमण्यास सांगण्यात आले. बँक जी तक्रार अंशतः वा पूर्णतः फेटाळू पाहते ती ग्राहकास उत्तर जाण्यापूर्वी या अधिकाऱ्यापुढे ठेवावयाची. तो त्या बँकेच्या नोकरीत पूर्वी कधी असता कामा नये, त्याची मुदत ठरलेली असावी आणि त्याच बँकेत पुनर्नियुक्ती नसावी, अशा अटी घालण्यात आल्या. या अटींत पदाचे सारे मर्म आहे. ज्यास पुन्हा नेमणूक मिळण्याची आशा नाही त्यास मालकाची मर्जी सांभाळण्याचेही कारण उरत नाही.

तिसरी शाखा मात्र अगदी वेगळी आहे. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील विद्यापीठांत विद्यार्थ्यांचा असंतोष वाढला, त्या सुमारास हे पद तेथे शिरले. मिशिगन राज्य विद्यापीठात १९६७ साली ते निर्माण झाले. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेत १९७३ पासून मेरी रो यांनी या कामाची पद्धत घडविली. तेथून ते कंपन्यांत, इस्पितळांत व आंतरराष्ट्रीय संस्थांत गेले, आणि २००५ साली दोन जुन्या संघांच्या विलीनीकरणातून या व्यवसायाचा आंतरराष्ट्रीय संघ उभा राहिला. स्वातंत्र्य, निःपक्षपात, अनौपचारिकता आणि गुप्तता अशी चार तत्त्वे त्याने मानली आहेत.

यांतील अनौपचारिकतेकडे आम्ही वाचकांचे लक्ष विशेष वेधू इच्छितो. हा मनुष्य चौकशी करीत नाही, निकाल देत नाही, कोणास दंड करीत नाही. इतकेच नव्हे, त्याला सांगितलेली गोष्ट संस्थेस कळविली असे धरले जात नाही. जिवास गंभीर धोका असेल तेवढाच अपवाद सोडून तो कोणाचे नावही उघड करीत नाही. मग त्याचा उपयोग काय ? आलेल्या माणसाचे नीट ऐकावे, त्याच्यापुढे कोणते मार्ग आहेत ते दाखवावे, त्याची इच्छा असेल तर दोन पक्षांत बोलणे घडवावे, आणि एकाच जागी वारंवार ठिणगी पडत असेल तर नाव न घेता ती जागा मालकास दाखवावी. सत्ता नाही म्हणूनच त्याच्याकडे लोक येतात.

इंदुरास तंटा घरातच मिटविण्याची परंपरा जुनी आहे. होळकर राज्यात येथील सावकार व व्यापाऱ्यांची 'ग्यारा पंच' ही दरबारमान्य संस्था व्यापारी तंटे तोडीत असे. तिचा अभिमान बाळगणे योग्यच. पण ते पंच पेढी आणि पेढी यांमधील होते. पेढीच्या आत शेठ आणि मुनीम यांमध्ये कोण होते, हा प्रश्न त्या काळीही मोकळाच होता. अहमदाबादेस १९१८ साली गिरणीमालक अंबालाल साराभाई, स्वतः जैन, आणि त्यांच्याच भगिनी अनसूयाबेन, मजुरांच्या बाजूस, असे परस्परांसमोर उभे राहिले, व शेवटी तंटा लवादाकडे गेला. पण तोवर संप व टाळेबंदी होऊन चुकली होती. लवाद भांडण पेटल्यावर येतो. आम्ही ज्या पदाविषयी लिहितो त्याचे काम धूर दिसू लागताच असते.

समजा, सियागंजातील एका दुकानात हिशेबनीसाच्या लक्षात आले की शेठजींचे भाचे दलालीची रक्कम एक लिहितात आणि देतात दुसरी. त्याने सांगावे कोणास ? शेठजींस सांगावे तर घरातील माणसावर आळ. भाच्यांस सांगावे तर नोकरी गेली. पोलिसांत जावे तर पेढीची अब्रू. बहुधा तो काहीच सांगत नाही, आणि दोन वर्षांनी मुकाट्याने दुसरी नोकरी धरतो. जाताना पेढीच्या हिताची एक गोष्ट तो स्वतःबरोबर नेतो. दरवर्षी पर्युषणाच्या अखेरीस आपण सर्वांची क्षमा मागतो, दुकानातील नोकरांचीही. परंतु नेमके काय दुखले हे त्यांस विचारतो काय ? आम्ही हे स्वतःसही विचारले आहे, आणि उत्तर सुखावह नव्हते.

येथे आक्षेप येईल की ज्याचा पगार मालक देतो तो तटस्थ कसा राहील. आक्षेप खरा आहे, आणि या व्यवसायास तो आरंभापासून चिकटलेला आहे. कायद्यानेही तो ओळखला आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या छळाविरुद्ध २०१३ साली झालेल्या कायद्यात दहा वा अधिक नोकर असतील तेथे अंतर्गत समिती सांगितली आहे, पण तिच्यात एक सभासद बाहेरचा हवा. जेथे दहांहून कमी नोकर आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे, तेथे ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावयाची. ही समिती चौकशी करते, म्हणून ती आमच्या विषयातील श्रोता नव्हे. तथापि घरच्या माणसाने मालकाविरुद्धची तक्रार ऐकू नये, हे तिने मान्य केलेले आहे.

या पदाकडून भलती अपेक्षाही करू नये. आपल्या शहरातील हुकुमचंद मिल बंद पडल्यावर कामगारांच्या थकलेल्या रकमांचा प्रश्न तीन दशकांहून अधिक काळ रेंगाळला, आणि २०२३ च्या डिसेंबरात सुमारे २२४ कोटी रुपयांची रक्कम देण्यात आली. दिवाळखोरी, देणी, न्यायालये यांच्या त्या गुंत्यात कोणताही विश्वासू श्रोता काही करू शकला नसता. जेथे हक्क ठरवावयाचा आहे तेथे न्यायालयच हवे.

आपल्या सभासदांच्या बहुतेक पेढ्या लहान आहेत. त्यांनी प्रत्येकी असा मनुष्य ठेवावा हे शक्य नाही. पण मंडळाने अनेक पेढ्यांसाठी मिळून एक मनुष्य नेमणे अवघड नाही. तो कोणाही सभासदाचा आप्त वा जुना नोकर नसावा, व शक्य तर व्यापाराबाहेरचा, निवृत्त शिक्षक अथवा बँक अधिकारी असावा. मानधन मंडळाच्या निधीतून द्यावे, म्हणजे ते कोणा एका शेठच्या हातचे राहणार नाही. मुदत तीन वर्षांची व एकदाच. बसण्याची जागा मंडळाच्या कचेरीत नसावी. तेथे कोण जिना चढला हे साऱ्या बाजारास दिसते. त्याने नावांची वही ठेवू नये. वर्षअखेरीस किती माणसे आली व कोणत्या प्रकारच्या गोष्टी घेऊन आली, एवढेच कार्यकारिणीस सांगावे. आणि गाऱ्हाणे कार्यकारिणीच्याच सभासदाच्या पेढीचे असले तरी त्या आकड्यात ते इतरांसारखेच मोजले जावे.