बारा पुड्यांचे ९९५९९८ पुडे होतात तेव्हा

२००९ साली गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. पुढे जिल्ह्यातल्या कितीतरी गावांना ते मिळत गेले आणि बांबू-तेंदूचा व्यवहार अनेक ग्रामसभा स्वतः पाहू लागल्या. व्यवहार आला की लिखापढी आली. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, आणि फळीवर, म्हणजे तेंदू गोळा होतो त्या केंद्रावर, मुन्शी वहीत लिहितो ते आकडे मराठी. ही वही संगणकात चढवायचे काम गावातल्या शिकलेल्या मुलामुलींकडे येते. त्यांनी डेबियन किंवा उबुंटूसारखी मुक्त प्रणाली घेतली असेल, तर तिच्यातली चूक तपासून कळवण्याची पुढची कृती त्यांच्यासाठी आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. वहीतले मराठी अंक इंग्रजी करायचे म्हणून आपण ‘टीआर’ या कमांडला आधी शून्य ते नऊ हे दहा मराठी अंक दिले, नंतर तेच दहा इंग्रजी अंक दिले. आता डेबियन १२ मधल्या ग्नू कोअरयुटिल्स या कमांडसंचाच्या ९.१ आवृत्तीतल्या टीआरला ‘१२’ दिले तर ती इंग्रजी अंकांत ९९५९९८ छापते. चुकीचा संदेश नाही, इशारा नाही, कमांड यशस्वी झाल्याचीच खूण. उत्तर अंकांतच असल्यामुळे ते पुढच्या बेरजेत बिनबोभाट मिसळते. पानांची मजुरी ज्या आकड्यावर ठरते, त्या आकड्याचे असे होणे ही माझ्या लेखी गंभीर गोष्ट आहे. देवनागरीत हिशेब ठेवणाऱ्यांनाच ही चूक दिसते, म्हणून तिची नोंदही त्यांनीच करायला हवी.

कमांडची नावे इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती छोट्या रोमन अक्षरांतच करायची.

साहित्य: बिघाड दाखवणारा संगणक, वेगळी मुक्त प्रणाली भरलेला एक पेनड्राइव्ह, ईमेल खाते आणि नोंदीची वही.

पहिली पायरी. मूळ फाइलला हात लावू नका. तिची प्रत काढा, मूळ फाइलची लिहिण्याची परवानगी ‘सीएचमॉड’ने काढून टाका आणि यापुढचे सगळे प्रयोग प्रतीवर करा.

दुसरी पायरी. ‘स्क्रिप्ट’ ही कमांड सुरू करा. ‘एक्झिट’ म्हणेपर्यंत पडद्यावर जे उमटेल ते सगळे ती एका फाइलीत उतरवून ठेवते. मग चुकलेली कमांड जशीच्या तशी पुन्हा चालवा. दर वेळी तेच उत्तर येते, की कधी येते आणि कधी नाही, हे वहीत लिहा. वीज जाऊन संगणक अर्ध्यात बंद पडला असेल, तर ‘जर्नलसीटीएल’ला बी हा पर्याय उणे एकसह द्या; मागच्या वेळी संगणक चालू असतानाची नोंद मिळते, मात्र ती डिस्कवर साठवली जात असली पाहिजे. डिस्कच्या वाचन-लेखनाच्या चुका तिथे दिसल्या, तर दोष बहुधा साधनाचा नाही, डिस्कचा आहे.

तिसरी पायरी. हिच्यावर सर्वांत जास्त वेळ घालवा. चूक नेमकी कुठल्या थरात आहे? चुकीला कमांडचा बग, म्हणजे तिच्यातलाच दोष, म्हणण्याआधी खाली दिलेले संशयित एकेक करून बाजूला काढायचे.

आधी फाइल. ‘फाइल’ नावाचीच कमांड तिच्यावर चालवा. विंडोजवर बनलेल्या फाइलीत ओळीच्या शेवटी एक जास्तीचे अदृश्य चिन्ह असते, सुरुवातीलाही कधी कधी एक असते; ‘कॅट’ला मोठा ए हा पर्याय दिला की दोन्ही उघडी पडतात. जुने कागद कृतिदेव किंवा तशा टंकात टाइप केलेले असतील, तर ते डोळ्यांना मराठी दिसतात, पण आत रोमन चिन्हे असतात. त्यांत ‘ग्रेप’ने मराठी शब्द शोधून काही सापडणार नाही आणि त्यात ‘ग्रेप’चा दोष नाही. ‘कुऱ्हाड’ या शब्दातला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवला जातो: ऱ हे वेगळे चिन्ह आणि हलन्त अशा रूपात, किंवा साधा र, हलन्त आणि जोडणारे अदृश्य चिन्ह अशा रूपात. पडद्यावर दोन्ही सारखेच, बाइटांत वेगळे. एकाच गावाचे नाव यादीत दोनदा येत असेल, तर आधी हे तपासा.

बाइट पाहायला ‘ओडी’ ही कमांड बी पर्यायासह वापरा. ती प्रत्येक बाइट अष्टमान आकड्यात दाखवते. ‘१’ म्हणजे ३४०, २४५, २४७. ‘२’ म्हणजे ३४०, २४५, २५०. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि आपल्या उदाहरणाचे कोडे इथेच सुटते. टीआर एका वेळी एकच बाइट पाहते. दिलेले दहा अंक तिला तीस सुटे बाइट वाटतात. बदली द्यायला दहाच इंग्रजी अंक आहेत, म्हणून उरलेल्या सगळ्या जागी ती शेवटचा नऊ धरते, आणि तोच बाइट पुन्हा आला की नंतरची जोडी आधीच्या जोडीला पुसते. त्यामुळे ३४० आणि २४५ या दोघांचाही नऊ होतो, २४७ चा पाच आणि २५० चा आठ. एक म्हणजे ९९५, दोन म्हणजे ९९८. बारा पुडे असे वाढले.

फाइल निर्दोष निघाली की भाषेची मांडणी पाहा, म्हणजे ‘लोकेल’. मराठी लोकेल निवडले, पण ते संगणकावर तयारच केलेले नसले, तर बहुतेक साधने काही न बोलता मूळच्या ‘सी’ लोकेलवर जातात. पडताळणी सोपी आहे. ‘इको’ने भामरागड हा शब्द ‘डब्ल्यूसी’ला एम पर्यायाने द्या. यूटीएफ-८ लोकेलमध्ये उत्तर ८ येते: सात चिन्हे आणि ओळीचा शेवट. २२ आले तर ते बाइट आहेत आणि लोकेल लागू झालेले नाही. (आपण मोजतो ती अक्षरे पाचच: भा, म, रा, ग, ड. संगणक मात्रा वेगळी मोजतो. तो बग नव्हे.) डेबियनवर ‘डीपीकेजी-रिकॉन्फिगर’ कमांडने ‘लोकेल्स’ निवडून मराठी लोकेल तयार करता येते.

त्यानंतर नावामागचा खरा प्रोग्राम शोधा. डेबियनवर ‘ऑक’ म्हटले की सहसा ‘मॉक’ धावतो आणि भामरागडची लांबी २१ सांगतो. ‘गॉक’ ७ सांगतो. ‘रीडलिंक’ला एफ पर्याय दिला की कोण धावतो आहे ते कळते. उबुंटूवर हे आणखी महत्त्वाचे, कारण ऑक्टोबर २०२५ च्या २५.१० आवृत्तीपासून तिथे ग्नूच्या कोअरयुटिल्सऐवजी रस्ट भाषेत नव्याने लिहिलेली साधने आली आहेत. त्याच महिन्यात त्यांतल्या ‘डेट’ कमांडमध्ये दोष सापडला. फाइलीची तारीख विचारली तर ती आत्ताची वेळ सांगत होती, तीही निमूट, आणि त्यामुळे काही संगणकांवर अद्ययावत आवृत्त्यांची आपोआप होणारी तपासणी थांबली. तुमच्याकडे कोणते साधन आहे ते ‘व्हर्जन’ पर्यायाच्या पहिल्या ओळीत वाचा. ती ओळ वहीत उतरवा.

‘कट’ कमांडला सी पर्यायाने पहिली तीन अक्षरे मागितली तर डेबियन १२ वर ‘भामरागड’मधला फक्त ‘भ’ मिळतो, कारण तीन अक्षरांऐवजी तीन बाइट कापले जातात. फेडोराने स्वतःची दुरुस्ती जोडलेली असल्यामुळे तिथे तीन चिन्हे मिळतात. पेनड्राइव्हवरची दुसरी प्रणाली लागते ती यासाठी. चूक दोन्हीकडे असेल तर मूळ प्रकल्पाची, एकीकडेच असेल तर त्या वितरणाची असण्याची शक्यता मोठी; मात्र ‘कट’सारखी दुसऱ्या वितरणाने स्वतःची दुरुस्ती जोडलेली नाही ना, तेही पाहा.

दोन गोष्टी इथेच निकाली काढा. पडद्यावर मात्रा सरकलेली दिसते पण ओडीत बाइट बरोबर आहेत, तर दोष टर्मिनलचा किंवा टंकाचा. तक्रार तिकडे करायची. आणि मेंढा (लेखा) अशा कंसातल्या नावाची फाइल अवतरणचिन्हांशिवाय दिली की शेल वाक्यरचनेची चूक दाखवते. तो बग नाही, शेलमध्ये कंसाला वेगळा अर्थ आहे.

चौथी पायरी. उदाहरण लहान करा. चारशे ओळींच्या फाइलीत चूक दिसत असेल तर निम्मी फाइल टाका. तरी दिसते का पाहा. मग उरलेली निम्मी. एक ओळ, शक्य तर एक शब्द उरेपर्यंत. टीआरच्या बाबतीत एकच अंक पुरतो. आपली लिपी न वाचणाऱ्यालाही चूक जशीच्या तशी घडवता यावी म्हणून तो अंक ‘प्रिंटएफ’ला अष्टमान बाइटांत द्या: ३४०, २४५, २४७, प्रत्येकाआधी उलटी तिरकी रेघ. मग लिपी मेलमध्ये बिघडली तरी तुमचे उदाहरण बिघडत नाही.

पाचवी पायरी. ‘मॅन’ पान तळापर्यंत वाचा. अनेक पानांत ‘बग्ज’ असा विभाग असतो. टीआर एका बाइटाच्या चिन्हांनाच पूर्ण आधार देते, हे ग्नूच्या दस्तऐवजात लिहिलेले आहे. ‘सॉर्ट’चा अंकानुसार लावण्याचा एन पर्याय मराठी अंक ओळखत नाही, तिथे १०० हे २० च्या आधी येते, ही माहीत असलेली मर्यादा, नवा शोध नव्हे. मग डेबियनच्या बग-नोंदीत त्या पॅकेजची यादी चाळा. तीच तक्रार आधीची सापडली तर नवी करू नका, तिच्याखाली आपले उदाहरण जोडा. आणि जोडाच. मर्यादा लिहून ठेवली म्हणून ती त्रासदायक राहत नाही असे नाही, आणि कुणाला किती त्रास होतो हे दुरुस्ती करणाऱ्याला त्या उदाहरणांवरूनच कळते.

सहावी पायरी. लिहा. इंग्रजी साधे चालते. छोटी वाक्ये, वर्तमानकाळ. मी हे केले, हे दिसले, हे दिसायला हवे होते, एवढे तीन भाग. कमांड आणि तिचे उत्तर स्क्रिप्टने साठवलेल्या फाइलीतून उचला, आठवणीतून लिहू नका. पडद्याचा फोटो पाठवू नका, मजकूर पाठवा. कारणाचा अंदाज असेल तर शेवटी आणि अंदाज म्हणूनच. ‘टीआर चालत नाही’ या शीर्षकाने कुणी थांबणार नाही. ‘टीआर देवनागरी अंकांचे चुकीचे इंग्रजी अंक करते आणि इशारा देत नाही’ हे वाचून थांबेल. सायमन टॅथम यांनी १९९९ साली बग कसा कळवावा यावर लिहिलेला इंग्रजी लेख अजूनही उत्तम आहे, आणि नेटवर त्याचे अनेक भाषांतले अनुवाद आहेत.

गांभीर्य ठरवताना प्रामाणिक राहा. डेबियनमध्ये ‘क्रिटिकल’पासून ‘विशलिस्ट’पर्यंत सात पातळ्या आहेत. नवी सोय हवी असेल तर ती विशलिस्ट, मजुरीचे कितीही पैसे त्यात अडकलेले असोत. पैशाची गोष्ट मजकुरात एका वाक्यात सांगा. तिचा उपयोग होतो.

सातवी पायरी. पाठवण्यापूर्वी फाइल पुन्हा वाचा. बग-नोंद जाहीर असते आणि राहते. डेबियनमध्ये तुमचा ईमेल पत्ताही दिसतो. मजुरांची नावे, आधार क्रमांक, बँक खाती, दाव्यातल्या जमिनींचे तपशील यांतले काहीही जाऊ देऊ नका. ताडोब्याच्या परिसरात कॅमेरा ट्रॅपची छायाचित्रे हाताळत असाल, तर नमुन्याच्या चित्रात स्थान नोंदलेले नाही याची खात्री करा. वाघाचा ठिकाणा जगाला सांगायचा नसतो.

डेबियनवर ‘रिपोर्टबग’ ही कमांड पॅकेज, आवृत्ती, लोकेल स्वतः भरते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटू शकतो, नेटवर्कचाही भरवसा नसतो. तेव्हा रिपोर्टबगला ओ पर्याय देऊन अहवाल फाइलीतच साठवा आणि अहेरी-आलापल्लीला जाल तेव्हा मेल करा. उबुंटूवर ‘उबुंटू-बग’ आहे. सी-डॅकची बॉस प्रणाली डेबियनवर आधारित आहे. तिथली चूक शुद्ध डेबियनवरही घडते का ते पाहून मग ठरवा.

सुरक्षेचा संशय असेल तर मात्र जाहीर नोंद करू नका, डेबियनच्या सुरक्षा पथकाला खाजगी लिहा. शंका क्षुल्लक वाटली तरी लिहा. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरच्या संगणकावर शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकले होते; त्या धाग्याने ते एक्सझेड या दाबून साठवण्याच्या साधनात लपवलेल्या चोरवाटेपर्यंत पोचले.

आठवी पायरी. उत्तर येईल, कदाचित उशिरा, आणि बहुधा प्रश्नाच्या रूपात: आणखी एक कमांड चालवून पाहता का? पाहा, आणि जमेल तितक्या लवकर कळवा. बऱ्याच नोंदी इथेच मरतात, विचारणाऱ्याला उत्तर न मिळाल्याने. दुरुस्तीचा पॅच मिळाला तर प्रतीवर चालवून ‘चालते’ किंवा ‘चालत नाही’ आवृत्तीसह लिहा.

दुरुस्ती झाली तरी ती डेबियनच्या स्थिर आवृत्तीत लगेच येत नाही. नवी स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी निघते. तेंदूचा हंगाम तोवर थांबत नाही. अंक बदलायला टीआरऐवजी ‘सेड’ची वाय ही आज्ञा वापरा: यूटीएफ-८ लोकेलमध्ये ती मराठी अंक बरोबर बदलते, आणि लोकेल चुकले असेल तर दोन्ही याद्यांची लांबी जुळत नाही असे सांगून थांबते. हिशेबाच्या स्क्रिप्टमध्ये त्या ओळीच्या वर टीप म्हणून बगचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी फळीचे काम जो कोणी हाती घेईल त्याला ती ओळ का आहे आणि कधी काढायची ते कळेल.