दयेलाही दप्तर लागते

मनुष्याने नगराची आखणी केली तेव्हा रस्ते, गटारे, बाजार आणि दिवाबत्ती यांचा विचार केला. परंतु त्या रस्त्याच्या कडेला झोपणारा कुत्रा, त्या बाजारात टाकलेल्या पालेभाजीवर जगणारी गाय, त्या दिव्यांच्या तारांवरून जाणारे वानर आणि त्या गटाराच्या काठी उंदरामागे येणारा नाग हेही आपल्यासारखेच तेथील रहिवासी आहेत, ही गोष्ट त्याच्या ध्यानी बहुधा तेव्हाच येते, जेव्हा त्यांच्यापैकी एखादा जीव मरणपंथाला लागतो किंवा माणसाचा जीव धोक्यात आणतो. अशा प्रसंगी अंतःकरण द्रवणाऱ्यांची आमच्या सिल्लोडात वाण नाही. वाण आहे ती, त्या दयेने कोणत्या कचेरीचे दार ठोठवावे हे आधीपासून जाणणाऱ्यांची. आयुष्याचा बराच काळ या गावात काढल्यावर जे पाहिले आणि त्यातून जे शिकलो, ते इतरांच्या उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

सिल्लोड हे छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे जाणाऱ्या महामार्गावरचे, मका, कापूस आणि मिरची यांच्या व्यापारावर वाढलेले गाव. उत्तरेस अजिंठ्याची डोंगररांग आहे. उन्हाळ्यात तेथील पाणवठे आटले की वानरांचे कळप शिवारात उतरतात आणि शिवारातून वस्तीत येतात. महामार्गाच्या रुंदीकरणात कडेची जुनी झाडे गेल्यापासून फांदीवरून फांदीवर जाण्याची त्यांची वाट तुटली आणि तिची जागा विजेच्या तारांनी घेतली. अशाच एका वैशाखातील दुपारी तारेचा धक्का बसून एक वानर आमच्या आळीच्या तोंडाशी कोसळले. त्याचा हात करपला होता, पण श्वास चालू होता. आम्ही एका कचेरीत कळवले, तेथून 'हे आमच्या कक्षेत येत नाही' असे उत्तर मिळाले. दुसरीकडे विचारले, तेथे अर्ज घेऊन समक्ष येण्यास सांगण्यात आले. तिसरीकडे अधिकारी दौऱ्यावर होते. तोवर भोवती गर्दी जमली. कोणी त्याच्या तोंडात पाणी ओतले, कोणी मारुतीचे रूप म्हणून कपाळी शेंदूर लावला. दिवस मावळण्याच्या सुमारास त्याने प्राण सोडला. मग मात्र वर्गणी घटकाभरात गोळा झाली, भजनी मंडळी आली, आणि एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला द्यावा तसा त्याला निरोप देण्यात आला.

ती श्रद्धा खरी होती, आणि तिचा मी मनापासून आदर करतो. या भूमीत ती पुरातनही आहे. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात महाकपि जातक चित्रित केलेले आहे. आपल्या कळपाला पैलतीरी नेण्यासाठी स्वतःच्या देहाचा पूल करणाऱ्या वानरराजाची ती कथा शतकानुशतके त्या भिंतीवर आहे. परंतु अंत्यसंस्कारासाठी जी तत्परता आम्ही दाखवली, तिचा काही अंश उपचाराच्या वाटेला आला असता तर ते वानर कदाचित जगले असते, हा विचार त्या रात्री मनातून जाईना. म्हणून मी कायद्याची पुस्तके उघडली, वकील आणि पशुवैद्य यांना विचारले, आणि ध्यानी आले की कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक प्राण्याचा पालक निराळा आहे. वानर, मोर, नाग, घोणस, धामण हे 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली येतात; ते गावाच्या मधोमध सापडले तरी त्यांची जबाबदारी वनखात्याची. भटका कुत्रा हा नगरपरिषदेचा. मोकाट गुरांसाठी कोंडवाडा, आणि तोही नगरपरिषदेचाच. कोणत्याही प्राण्याशी क्रूरपणा झाला तर दाद पोलीस ठाण्यात.

हा भेद ज्याला आधी ठाऊक असतो, त्याचा पहिला निरोप योग्य जागी जातो, आणि जखमी प्राण्याच्या बाबतीत पहिल्या तासाचे मोल फार मोठे असते. म्हणून प्रथम सांगणे हे की, वनखात्याचा 1926 आणि पशुवैद्यकीय सेवेचा 1962 हे दोन क्रमांक प्रत्येक घरात, दुकानात आणि मोंढ्यातील प्रत्येक आडतीवर लिहून ठेवावेत. निरोप देताना जागा, खूण, प्राणी आणि त्याची अवस्था नेमकी सांगावी. बेशुद्ध प्राण्याच्या तोंडात पाणी ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. त्याला सावली करावी, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गर्दी पांगवावी. 2019 च्या डिसेंबरात छत्रपती संभाजीनगरात सिडकोच्या एन-1 भागात बिबट्या शिरला होता, तेव्हा त्याला पकडणाऱ्या पथकाला बिबट्याइतकीच बघ्यांचीही चिंता करावी लागली. घाबरलेल्या वन्य प्राण्याला पळण्यास वाट राहिली नाही की तो हल्ला करतो. घरात साप निघाल्यास वनखात्याची परवानगी असलेल्या सर्पमित्रालाच बोलवावे आणि तो येईपर्यंत लांबून नजर ठेवावी.

दुसरा प्रसंग याहून गंभीर. आमच्या ओळखीच्या एका मजूर कुटुंबातील मुलाच्या पोटरीला कुत्र्याने चावा घेतला, तेव्हा घरच्यांनी त्या जखमेत तिखट भरून वर फडके बांधले. मिरचीच्या या मुलुखात हा उपाय अनेक पिढ्यांचा आहे आणि तो करणाऱ्यांच्या मनात मायाच असते; परंतु पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतील विषाणू तिखटाने मरत नाही, उलट जखम चिघळते आणि मोलाचा वेळ जातो. शेजारच्या बाईंनी ते फडके सोडवले, जखम नळाखाली धरली, आणि मुलाला सरकारी रुग्णालयात नेण्यात आले; त्याच्या लसी पूर्ण झाल्या आणि तो सुखरूप राहिला. प्रत्येक आईवडिलांनी ध्यानात ठेवावे, की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी. तिखट, हळद, चुना यांपैकी काहीही लावू नये. आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रक्त आलेल्या जखमेस लसीबरोबर प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते. लसीच्या मात्रा ठरलेल्या दिवशी घ्याव्या लागतात, आणि जखम भरून आली म्हणून उरलेल्या मात्रा सोडणे हे प्राणघातक ठरू शकते, कारण या रोगाची लक्षणे एकदा प्रकट झाल्यावर त्यावर उपाय जवळजवळ नाही.

अशा घटनेनंतर गावात स्वाभाविकच संताप उसळतो आणि कुत्र्यांना विष घालण्याची भाषा होते. जो पिता आपल्या मुलाची जखम पाहतो, त्याच्या संतापाला मी नावे ठेवणार नाही. परंतु हा मार्ग गुन्ह्याचा आहे आणि निष्फळही आहे. प्राण्यास ठार मारणे वा अपंग करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या 325 व्या कलमाखाली 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. निष्फळ अशासाठी की, जोवर उकिरड्यावर मांसाचे तुकडे आणि उष्टे अन्न पडत आहे, तोवर एक टोळी नाहीशी झाली की दुसरी, लस न टोचलेली टोळी तिच्या जागी येते. म्हणूनच 2001 च्या आणि पुढे 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी निर्बीजीकरण आणि लसीकरण हा मार्ग नगरसंस्थांना घालून दिला. कुत्रा जाळ्याने अथवा हाताने पकडावा, शस्त्रक्रिया व लस झाल्यावर कानाला खूण करावी आणि तो जेथून आणला तेथेच सोडावा, असा हा दंडक आहे. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 रोजी हेच तत्त्व कायम ठेवताना पिसाळलेल्या व आक्रमक कुत्र्यांचा अपवाद केला, आणि 7 नोव्हेंबर 2025 रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांच्या आवारातील कुत्र्यांना तेथे परत न सोडता निवाऱ्यात ठेवण्याचा, तसेच महामार्गांवरील मोकाट गुरे हटवण्याचा हुकूम दिला. हे सर्व साधते, याचे उदाहरण शेजारी गोव्यात आहे. तेथे सरकार आणि स्वयंसेवी संस्थांनी वर्षानुवर्षे गावोगाव कुत्र्यांना लस टोचली, त्यानंतर माणसांतील या रोगाचे मृत्यू सलग काही वर्षे थांबले, आणि 2021 मध्ये तो प्रदेश रेबीज-नियंत्रित म्हणून घोषित झाला. 100 पैकी 70 कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा हे काम कोणत्याही नगरपरिषदेच्या आवाक्याबाहेरचे नाही.

आता नागरिकाने काय करावे? तोंडी तक्रार हवेत विरते. लेखी अर्ज दप्तरात राहतो आणि अधिकाऱ्याची बदली झाली तरी त्याच्या जागी येणाऱ्यापुढे उभा राहतो. म्हणून अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करावा, त्यात स्थळ, तारीख आणि मागणी यांचा स्पष्ट उल्लेख असावा, आणि आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय कचेरी सोडू नये. 2023 च्या नियमांनुसार नेमावयाची स्थानिक देखरेख समिती कधी बसली, किती कुत्र्यांचे निर्बीजीकरण झाले, कोंडवाड्यात चारा, पाणी, सावली आणि पशुवैद्य यांची तजवीज काय, हे विनयाने पण चिकाटीने विचारावे. उत्तर न आल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 आहेच. विजेच्या ज्या तारांवर वानरांना पुन्हा पुन्हा धक्का बसतो, त्या खांबाची जागा वीज कंपनी आणि वनखाते या दोघांनाही लेखी कळवावी. संक्रांतीच्या सुमारास नायलॉन मांजाची विक्री दिसली तर, राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्येच त्यावर बंदी घातली आहे हे सांगून पोलिसांत तक्रार द्यावी. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राणिक्लेश प्रतिबंधक समितीकडेही अर्जाची प्रत धाडावी.

1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमात पहिल्या अपराधास 10 ते 50 रुपये दंड आहे, आणि आजच्या काळात तो कोणालाही धाक घालू शकत नाही. तेव्हा केवळ शिक्षेच्या भरवशावर हे कार्य सोडता येणार नाही. परंतु 1992 मध्ये संमत झालेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची आणली, तिच्यात नगरसंस्थांच्या विषयांमध्ये गुरांचे कोंडवाडे आणि प्राण्यांवरील क्रूरतेचा प्रतिबंध हे एकाच नोंदीत लिहिलेले आहेत. म्हणजे मुक्या प्राण्यांची काळजी हे पाणीपुरवठ्याइतकेच नगराचे विहित काम आहे. ज्या कामासाठी अंदाजपत्रकात रक्कम नाही, ते काम कागदावर असूनही होत नाही. म्हणून माझी सर्व सुज्ञ नागरिकांस कळकळीची विनंती आहे, की पुढील अंदाजपत्रक मांडले जाण्यापूर्वी आपल्या प्रभागातील नगरसेवकाची भेट घ्यावी आणि निर्बीजीकरण, लसीकरण, कोंडवाडा आणि उकिरड्यांची सफाई या चार बाबींसाठी स्वतंत्र तरतूद मागावी. मृत वानरासाठी जे गाव एका संध्याकाळी वर्गणी उभी करते, त्या गावाने जिवंत प्राण्यांसाठी ही मागणी एकमुखाने केली, तर ती नाकारणे कोणत्याही सभागृहास सोपे जाणार नाही.