डोंबारी चंडोल : ओळख, वीण व घरट्याचे रक्षण

पुणे, सातारा व सोलापूर या जिल्ह्यांच्या कमी पावसाच्या भागांत मुरमाड माळ, पडीक राने व नांगरलेली शेते यांवर डोंबारी चंडोल हा लहान गाणारा पक्षी आढळतो. त्याचे चरणे, विसावणे व घरटे करणे भूमीवरच चालते. म्हणून माळ व शेत यांची जशी राखण होईल, तशी त्याची वीण साधते किंवा बुडते.

ओळख : हा पक्षी चिमणीपेक्षा किंचित लहान असतो. नराचा माथा राखी व पोटाकडील भाग काळपट असतो. मादी मातकट रंगाची असल्यामुळे ढेकळांत सहसा ओळखू येत नाही. विणीच्या काळात नर फडफडत उंच चढतो, पंख मिटून खाली झेप घेतो, पुन्हा वर उसळतो व शीळ घालीत हा क्रम अनेकदा करतो. ही कसरत पाहिली म्हणजे डोंबारी हे नाव पटते.

वीण : विणीचा काळ स्थलपरत्वे बदलतो, तथापि तो मुख्यतः फेब्रुवारी ते सप्टेंबर असा असतो. ढेकळाच्या किंवा गवताच्या ठोंबाच्या आडोशास उथळ खळगा करून त्यात गवत व केस यांचे अस्तर घातलेले असते. अंडी बहुधा २ किंवा ३ असून त्यांवर तपकिरी ठिपके असतात. नर व मादी आळीपाळीने अंडी उबवितात. १३ ते १४ दिवसांनी पिले बाहेर येतात व पुढे काही दिवस घरट्यातच राहतात. म्हणजे सुमारे तीन ते चार आठवडे ती जागा अबाधित राहणे अवश्य आहे.

उपयोग : हा पक्षी भूमीवर पडलेले बी व कीटक वेचतो. पिलांना कीटक भरविले जात असल्याने विणीच्या काळात शेतकऱ्यास त्याचे साहाय्यच होते.

दक्षता :
१. पायाजवळून पक्षी एकाएकी उडाल्यास थांबून भूमी न्याहाळावी.
२. घरटे आढळल्यास खूण त्याच्या लगत न करता चार-पाच पावलांवर करावी व कुळवाची पाळी देताना तेवढा तुकडा सोडावा.
३. उन्हाळ्यात माळ पेटवू नये. आगीत अंडी व पिले दोन्ही नष्ट होतात.
४. मेंढ्यांचा कळप विणीच्या जागेवर बसवू नये.

ग्रामकार्यकर्त्यांनी ही माहिती गुराखी व मेंढपाळ यांना प्रत्यक्ष माळावर नेऊन समजावून द्यावी. कारण घरटे प्रथम त्यांच्याच दृष्टीस पडते.