गाळलेल्या कलमांबद्दल

चि. अनिकेत यास,


मसुद्यातली तुझी महत्त्वाची कलमं वरिष्ठांनी गाळली, म्हणून तू कामगार संघटना सोडायला निघाला आहेस, असं ताईनं कळवलं. निर्णय तुझाच आहे. पण त्याआधी लॉर्ड शाफ्ट्सबरी यांचं चरित्र वाच.

१८०१ साली इंग्लंडमधल्या उमरावाच्या घरात जन्मलेले हे अँथनी अ‍ॅशली कूपर. लहानपणी आईवडिलांची माया मिळाली नाही. मारिया मिलिस या घरच्या नोकर बाईनं ती दिली. गिरण्यांतल्या मुलांसाठी दहा तासांच्या दिवसाचं विधेयक त्यांनी १८३३ मध्ये हाती घेतलं. सरकारनं ते बाजूला सारून आपलाच कायदा आणला. नऊ वर्षांखालची मुलं बहुतेक कापडगिरण्यांतून सुटली, कायदा पाळला जातो का हे पाहायला निरीक्षकही नेमले गेले, पण दहा तास राहूनच गेले. १८४२ मध्ये कोळशाच्या खाणींत तेरा वर्षांखालचा मुलगा उतरता कामा नये, असं त्यांचं म्हणणं होतं. खाणमालक उमरावांच्या सभागृहात वय दहावर आलं. त्यांनी तेवढंही स्वीकारलं, कारण त्याच कायद्यानं बायका आणि मुली खाणीतून कायमच्या वर आल्या.

यापुढचा भाग मला सर्वांत मोठा वाटतो. धान्यावरचे आयातकर राखू, या भूमिकेवर मतदारांनी त्यांना निवडून दिलं होतं. मत बदललं, तेव्हा १८४६ मध्ये त्यांनी खासदारकी सोडली. दहा तासांचं विधेयक तेव्हा तोंडाशी आलं होतं! १८४७ मध्ये जॉन फील्डन या गिरणीमालकानंच ते मंजूर करून घेतलं. अ‍ॅशली सभागृहाबाहेर होते, तरी त्यासाठी सभा घेत राहिले. मालकांनी पाळ्या फिरवून कायदा पोकळ केला, तेव्हा १८५० मध्ये त्यांनी साडेदहा तासांची तडजोड मान्य केली. ज्या कामगारांसाठी झिजले, त्यांच्यातल्याच अनेकांनी त्यांना दगलबाज म्हटलं. ते सोसूनही त्यांनी काम टाकलं नाही.

त्यांची सगळीच मतं मला पटत नाहीत. मताधिकार वाढवायला त्यांचा विरोध होता, तो चुकीचाच होता.

पण सत्तरीनंतरही ते हिंदुस्थानातल्या गिरण्यांचा प्रश्न लॉर्ड्‌सच्या सभागृहात मांडत होते. १८८१ मध्ये आपल्याकडे पहिला फॅक्टरी कायदा झाला, मुंबईच्या गिरण्यांत सात वर्षांखालच्या मुलांना मनाई आली. तो कायदा फार तोकडा होता. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांना मुंबईची स्पर्धा नको होती, हेही त्यामागे होतंच. तरी पुढे मागायला पायरी मिळाली. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना जमवून अधिक मागितलं.

म्हणून सांगते, राजीनामा देऊ नकोस. गाळलेली कलमं नीट लिहून ठेव आणि पुढच्या बैठकीत पुन्हा मांड. ती दुसऱ्या कुणाच्या नावावर मंजूर झाली तरी चालेल.

तुझी,
मावशी