ठेवी आहेत, मग कर्ज का नाही?

प्रश्न : उधन्याला माझा लहानसा यंत्रमाग कारखाना आहे. मंदी आली की बँक सीसी (कॅश क्रेडिट) वाढवायला नकार देते. ठेवी तर भरपूर असतात. भांडवलाचा नियम आड येतो म्हणतात, तो कसा? (एक वाचक, सुरत)

उत्तर : ठेवी लोकांच्या असतात. कर्ज बुडाले की पहिला फटका भागधारकांच्या भांडवलाला बसतो. जोखमीनुसार मोजलेल्या दर १०० रुपये कर्जामागे किमान ९ रुपये भांडवल हवे आणि वर अडीच रुपयांची जादा राखण, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नुसते ९ धरू. त्यातले २ बुडाले, तर उरलेल्या ७ रुपयांवर जेमतेम ७८ रुपयांचे कर्ज पेलते. बुडाले दोन, आखडले बावीस! नवे भांडवल उभारावे, तर मंदीत बँकेचे शेअर घेणार कोण?

गुजरातेत पसरलेल्या देना बँकेचे हेच झाले. बुडीत कर्जे आणि तोटा वाढल्यावर मे २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिला नवी कर्जे द्यायलाच मनाई केली. एप्रिल २०१९ मध्ये ती बँक ऑफ बडोद्यात विलीन झाली. ज्यांनी हप्ता कधी चुकवला नाही, अशा तिच्या खातेदारांचा यात काय दोष होता? नियम ठेवीदाराला वाचवतो हे मान्य, पण त्याची किंमत अशा माणसांनी मोजली.

२०२० च्या टाळेबंदीत सरकार आणि रिझर्व्ह बँकेने वेगळी वाट धरली. रिझर्व्ह बँकेने जादा राखणीचा शेवटचा ०.६२५ टक्क्यांचा हप्ता पुढे ढकलत ऑक्टोबर २०२१ वर नेला. शिवाय लहान उद्योगांना २९ फेब्रुवारी २०२० च्या थकबाकीच्या २० टक्के जादा कर्ज, तेही केंद्राच्या पूर्ण हमीवर. हमीमुळे त्या कर्जाचे जोखीम-वजन शून्य धरले गेले आणि बँकेला त्यामागे भांडवल लागलेच नाही. माझ्या मते खरे काम या हमीने केले. नियम सैल झाला तरी कर्ज बुडण्याची धास्ती जात नाही. हमीने ती घालवली.

चांगल्या वर्षांत बँकांकडून जास्त भांडवल साठवून घ्यायचे आणि मंदीत ते मोकळे करायचे, अशी तरतूद आपल्याकडे २०१५ पासून आहे. ती अजून वापरलेली नाही. वापरायला हवी, असे मला ठामपणे वाटते.

तोवर तुम्ही एक करा. बँकेच्या तिमाही निकालात भांडवल पर्याप्ततेचे प्रमाण छापलेले असते, ते पाहा. साडेअकराच्या जेमतेम वर असलेली बँक मंदीत सर्वांत आधी हात आखडता घेईल. सीसी कुठे ठेवायची, ते त्यावरून ठरवा.