चटई ओली गुंडाळू नये

कंबर धरली किंवा गुडघा दुखू लागला म्हणून दवाखान्यात गेलेल्या शेतकऱ्याला आता गोळ्यांबरोबर व्यायामही सांगतात. गार फरशीवर पडून व्यायाम होत नाही, म्हणून बाजारातून मऊ चटई येते. कोणी तिला योगासनांची चटई म्हणतो, मुले योगा मॅट म्हणतात. खेड्यातल्या घरातही कोपऱ्यात उभी केलेली ही गुंडाळी आता नवलाची राहिलेली नाही. व्यायाम कसा करावा हे डॉक्टर सांगतात. चटई कशी राखावी हे मात्र कोणी सांगत नाही. आमच्याही घरी कोणी सांगितले नव्हते.

भाताची रोप लावण आटोपली आणि घरच्या मंडळींची कंबर धरली. डॉक्टरांनी सकाळी वीस मिनिटांचे चार व्यायाम दिले. चटई आणली. व्यायाम झाला की घामाने ओलसर झालेली चटई तशीच घट्ट गुंडाळून तांदळाच्या कणगीमागे उभी राही. दुपारी नातू तीच पसरून झोपे. संध्याकाळी गोठ्यातून आलो की मीही तिच्यावर पाठ टेकी. श्रावण संपता संपता चटईला कुबट वास येऊ लागला, आतल्या अंगाला काळे ठिपके उठले. त्याच सुमारास नातवाच्या पोटावर गोल चट्टा दिसला, मग माझ्या जांघेत, मग सुनेच्या कंबरेला. घरभर नायटा झाला.

एक गोष्ट आधी सांगतो. चटईवरचे काळे ठिपके म्हणजे नायटा नव्हे. ती ओलीची साधी बुरशी, भिंतीवर येते तशी. पण ती आली याचा अर्थ चटई दिवसचे दिवस वाळत नव्हती. शिवाय नायटा चटईवरूनच आला असे मी शपथेवर सांगणार नाही, कारण आमच्याकडे टॉवेल आणि पांघरुणेही एकमेकांची वापरली जात होती. तरी चटई ही चौघांच्या उघड्या अंगाला लागणारी वस्तू, आणि ती कधीच धुतलेली नव्हती, हे खरे.

नायटा ही कातडीच्या वरच्या थरावर जगणारी बुरशी आहे. खाजवले की कातडीचा बारीक कोंडा गळतो आणि त्याबरोबर तिचे बीज चटईवर, टॉवेलवर, चादरीवर पडते. हे बीज तेथे कित्येक महिने जिवंत राहू शकते. दुसऱ्याचे ओले अंग त्यावर टेकले की त्याला रुजायला जागा मिळते, आणि साधारण एक-दोन आठवड्यांनी चट्टा दिसू लागतो. म्हणून चट्टा आज दिसला तर आजचा दोष शोधू नये, मागचा पंधरवडा आठवावा.

गुरांनाही नायटा होतो, हे शेतकऱ्याने विसरू नये. वासराच्या डोळ्यांभोवती, मानेवर राखाडी, जाड खपल्यांचे गोल चट्टे दिसले तर तो बहुधा तोच. तो माणसाला लागतो आणि गोठ्यातल्या दावणीवर, खांबावर फार काळ टिकून राहतो. गोठ्याचे काम करून त्याच कपड्यांनी चटईवर पडणे ही माझी चूक होती. आता हातपाय साबणाने धुऊन, कपडे बदलूनच घरात बसतो.

आता धुण्याचे. चटई कशाची आहे ते आधी पाहावे. बाजारात स्वस्तात मिळते ती बहुतेक पीव्हीसी प्लॅस्टिकची असते. फार जाड आणि फुगीर असते ती कृत्रिम फोमची. जड, ओढली तर ताणणारी आणि रबराचा वास येणारी ती खऱ्या रबराची. यांतली कोणतीही उकळत्या पाण्यात टाकू नये, धुण्याच्या यंत्रात घालू नये आणि बादलीत रात्रभर भिजत ठेवू नये. फोम पाणी पितो आणि मग आठ-आठ दिवस वाळत नाही.

रोज व्यायाम झाल्यावर ओल्या स्वच्छ फडक्याने दोन्ही बाजू पुसाव्यात, दोरीवर किंवा बांबूवर टाकून वारा लागू द्यावा आणि हाताला कोरडी लागली तरच गुंडाळावी. घाई असेल तर गुंडाळू नये, पसरलेलीच ठेवावी. आठवड्यातून एकदा अर्ध्या बादली कोमट पाण्यात भांड्याचा पातळ साबण लहान चमचाभर घालून मऊ फडक्याने चटई चोळावी. साबण जास्त झाला तर चटई निसरडी होते आणि व्यायाम करताना पाय सरकतो, म्हणून साध्या पाण्याच्या फडक्याने दोन-तीन वेळा पुसून घ्यावी. मग कोरडा जाड टॉवेल पसरून चटईबरोबर गुंडाळावा आणि वरून दाबावे. बरेचसे पाणी टॉवेल ओढून घेतो. नंतर सावलीत, वाऱ्यावर वाळवावी. कडक उन्हाने रबर चिरते आणि प्लॅस्टिक कडक होते. गुंडाळताना वरची बाजू बाहेर ठेवली तर पुढच्या वेळी टोके वर वळत नाहीत, सपाट बसतात.

एवढे करूनही रबरी चटई कपड्यासारखी उकळून काढता येत नाही. यावर साधा उपाय म्हणजे निजून किंवा बसून करायच्या व्यायामासाठी चटईवर सुती चादर किंवा जुन्या धोतराची घडी पसरावी. प्रत्येकाची चादर वेगळी असावी. ही चादर गरम पाण्यात धुता येते, आणि नायट्याचे बीज मारायला 60 अंश सेल्सिअसचे पाणी लागते. कोमट पाणी पुरत नाही. घरात तापमापक नसला तरी अडत नाही. दोन भाग उकळते पाणी आणि एक भाग थंड पाणी मिसळले की पुरेसे गरम होते. चादर त्यात अर्धा तास बुडवून ठेवावी, काठीने ढवळावी, मुलांना जवळ येऊ देऊ नये. नंतर साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावी. उभ्याने करायच्या व्यायामाला चादर घेऊ नये, ती घसरते.

ज्यांच्याकडे जाड विणीची जुनी सतरंजी आहे त्यांनी विकतची चटई आणलीच पाहिजे असे नाही. धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदची सतरंजी आपल्या भागात पूर्वीपासून माहीत आहे. जाड सुती सतरंजी दुहेरी घातली तर निजून करायच्या व्यायामाला पुरते, आणि ती ऊन खाऊ शकते.

आता काय करू नये ते सांगतो, कारण हे मी लोकांना करताना पाहिले आहे. पिकावर मारायचे बुरशीनाशक, मॅन्कोझेब असो की कार्बेन्डाझिम, चटईवर शिंपडू नये आणि अंगाला तर कधीच लावू नये. “ही बुरशी, तीही बुरशी” हा हिशेब चुकीचा आहे. फवारणीच्या पंपाने चटई धुऊ नये, कारण पंपात औषधाचा अंश राहतोच. खत-औषधांच्या खोलीत चटई ठेवू नये. कित्येक कीटकनाशके कातडीतून अंगात शिरतात, आणि घामाने ओल्या अंगात तर लवकर. रॉकेलने रबर खराब होते. फिनेल फरशीसाठी आहे, अंग टेकायच्या वस्तूसाठी नाही.

खानापूर तालुक्यात कणकुंबी, जांबोटीकडे, तसेच गोव्यात घाटाखाली जून ते सप्टेंबर कपडेसुद्धा वाळत नाहीत. तेथे चटई आढ्याखाली दोरीवर पसरून टाकावी, वीज असेल तेव्हा पंख्याखाली धरावी. चुलीजवळ वाळवू नये, प्लॅस्टिक वितळते आणि पेटतेही. पावसाळ्यात चटई भिंतीला टेकून उभी करू नये. भिंतीची ओल ती ओढते.

नायटा झालाच तर मलमाविषयी थोडे. मी औषधाच्या दुकानातून विचारून ट्यूब आणली. चार दिवसांत खाज गेली, आठव्या दिवशी चट्टा दुप्पट झाला. त्या मलमात स्टिरॉइड होते. त्याने लाली आणि खाज दबते, पण बुरशी मोकाट वाढते आणि कातडी पातळ होते. 2018 साली केंद्र शासनाने अशी बरीच मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे ठरवले, तरी ती हातोहात मिळतात. आपल्या देशात आज पसरलेला नायटा पूर्वीसारखा सौम्य नाही. 2020 साली शास्त्रज्ञांनी यातल्या एका जातीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले. तिच्यावर टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध पुष्कळदा चालत नाही. म्हणून कातडीच्या डॉक्टरांनाच दाखवावे, घरात ज्यांना ज्यांना चट्टे आहेत त्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावा, आणि खाज थांबली म्हणून औषध मध्येच सोडू नये. आमच्या घरी पुरते बरे व्हायला तीन महिने गेले. त्या काळात जुनी चटई आम्ही वापरली नाही.

धर्मग्रामाच्या सभागृहात महिला मंडळाच्या भगिनी एकत्र व्यायाम करतात तेथे चटया सामाईक असतात. प्रत्येकीने आपली चादर घरून आणावी. चट्टे असलेल्या बहिणीला घरी बसवू नये, तिने बरे होईपर्यंत फक्त आपलीच चटई वापरावी. लाजेने कोणी लपवू लागले तर सगळ्यांनाच लागण होते.

चटईचा पापुद्रा सुटू लागला, भेगांत मळ बसू लागला की ती कितीही पुसली तरी स्वच्छ होत नाही. ती टाकून द्यावी, पण चुलीत किंवा शेतात जाळू नये. पीव्हीसीचा धूर विषारी असतो. आमच्या जुन्या चटईचे मी साबणाने धुऊन, वाळवून वीतभर रुंदीचे तुकडे केले. भांगलणीला बसताना ते गुडघ्याखाली घेतो आणि काम झाले की शेतातल्या खोपीतच टांगून ठेवतो, घरी आणत नाही.