शिडाच्या नावांच्या शर्यती आणि गुणांचा हिशेब

प्रश्न : भाट्याच्या खाडीत मुलांच्या ऑप्टिमिस्ट आणि मोठ्यांच्या लेझर नावा एकत्र धावतात. आधी पोहोचेल तो विजेता मानावा का? शर्यत अर्धवट सोडणाऱ्यास शून्य द्यावे का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : शून्य देण्याचा विचार स्वाभाविक असला तरी त्याने निकालच उलटा लागेल, कारण जगभर रूढ असलेल्या कमी-गुण पद्धतीत पहिल्यास १, दुसऱ्यास २ असे गुण मिळतात, मालिकेअखेर सर्वांत कमी बेरीज असलेली नाव जिंकते, आणि शर्यत पूर्ण न करणाऱ्या नावेस मालिकेत नोंदलेल्या नावांच्या संख्येहून एक अधिक, म्हणजे आठ नावा असल्यास ९ गुण दिले जातात. प्रत्येकाची सर्वांत वाईट एक शर्यत साधारणतः वगळली जाते, त्यामुळे एका अपयशाने मालिका हातची जात नाही.

मिश्र ताफ्यासाठी पोर्टस्मथ यार्डस्टिक ही, नावेच्या जातीनुसार वेळ समतोल करणारी पद्धत वापरावी : लागलेल्या वेळेस १००० ने गुणून त्या जातीच्या अंकाने भागावे. लेझरचा अंक ११०० व ऑप्टिमिस्टचा १६०० धरल्यास ४४ मिनिटांत आलेल्या लेझरची वेळ ४० मिनिटे, तर पूर्ण तासाने आलेल्या ऑप्टिमिस्टची साडेसदतीस ठरते, आणि मुलाची नाव न्यायाने जिंकते. प्रत्यक्ष अंक मात्र चालू वर्षाच्या यादीतूनच घ्यावेत, आणि काजळी नदीच्या मुखाशी ओहोटीची ओढ असताना बचाव-बोट तयार असल्याखेरीज सुरुवातीचा भोंगा वाजवू नये.